होमस्टे विकायचाय, पण बुकिंग चालू ठेवायची आहेत? मग हे आधी वाचा

शनिवारी सकाळी साडेअकराला आमच्या फाटकापाशी दोन गाड्या एकामागून एक येऊन थांबल्या. एक सांगलीच्या पाहुण्यांची, वरच्या दोन खोल्या महिनाभर आधी सांगून ठेवलेल्या. दुसरी ठाण्याहून घर बघायला आलेल्या जोडप्याची. पाहुण्यांना बॅगा टाकून समुद्रावर पळायचं होतं, आणि घर बघणाऱ्यांना त्याच खोलीचं छत नीट न्याहाळायचं होतं. दोघांचंही काही चुकत नव्हतं. घर बघायला येणारे आणि राहायला येणारे, दोघंही मुंबई-पुण्याचे आणि दोघांनाही सुट्टी शनिवार-रविवारचीच. चालता होमस्टे विकताना पहिली अडचण येते ती ही.

दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं चार खोल्यांचं चिरेबंदी घर होतं. ते विकायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं, आणि त्या काळात एकही ठरलेलं बुकिंग आम्ही मोडलं नाही. ते कसं जमवलं आणि कुठे चुकलो, हे पहिल्यांदाच विकायला निघालेल्यांसाठी लिहिते आहे.

आधी ठरवा: चालू ठेवायचं की बंद करायचं

माझं मत स्पष्ट आहे. घर धड असेल आणि तिथे विश्वासाचं माणूस राहत असेल, तर चालू ठेवा. कोकणात बंद घर एका पावसाळ्यात खचतं. कौलं सरकतात, भिंतींना बुरशी धरते, चौकटींना वाळवी लागते, पंप जाम होतो. राहतं घर मात्र रोज झाडलं जातं, चूल पेटते, खिडक्या उघडतात. बघायला आलेल्या माणसाला हा फरक दारातच जाणवतो. शिवाय गिऱ्हाईक मिळेपर्यंत वीजबिल, पगार आणि घरपट्टी भागत राहते.

तीन परिस्थितींत मात्र बंदच करा. छप्पर किंवा शौचालयाचं मोठं काम बाकी असेल तर, हिस्सेदारांत वाद असेल तर, किंवा तुम्ही परदेशात आणि घरावर कोणीच नाही अशी स्थिती असेल तर. अशा वेळी पाहुणे घेणं म्हणजे त्यांचीही सुट्टी वाया घालवणं.

जाहिरातीच्या आधी कागद

कोकणातला सौदा किमतीवर फारसा मोडत नाही, मोडतो तो सातबाऱ्यावर. आजोबांचं नाव, त्यांच्या दोन भावांची नावं, मुंबईला गेलेल्या आत्याची वारस नोंद राहिलेली, असा उतारा घेऊन गिऱ्हाइकासमोर बसू नका. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा उतारा), सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि तुमचं स्वतःचं खरेदीखत एकत्र करून तालुक्याच्या वकिलाकडे द्या आणि ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, आधीच करून घ्या. खरेदीदाराचा वकील तो पुन्हा करेलच, पण निघालेली चूक दुरुस्त करायला तुमच्या हातात वेळ राहील.

जमीन बिनशेती, म्हणजे शेतीशिवाय इतर वापराची, आहे की नाही हा सगळ्यात मोठा प्रश्न. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरीच विकत घेऊ शकतो, म्हणजे घर शेतजमिनीवर उभं असेल तर निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं दारातच परत जातील आणि ज्यांना कर्ज काढायचं आहे तेही अडतील. समुद्राजवळचं घर असेल तर किनारा नियमन क्षेत्रात जागा कुठे पडते आणि बांधकामाला परवानगी कोणती होती, हेही विचारलं जाणार. महाबळेश्वर-पाचगणी किंवा माथेरानला पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राचे नियम लागतात. लोणावळ्याच्या फ्लॅटला सोसायटीचं ना-हरकत पत्र सहसा मागितलं जातं, आणि पाहुणे ठेवायला सोसायटीची हरकत आहे का, हे खरेदीदार विचारतोच.

गोव्यात घर असेल तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिथे पाहुण्यांना राहायला देणाऱ्या घराची १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद लागते. आणि तिथल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांच्या सह्यांशिवाय विक्री सहसा होत नाही, मग कागदावर नाव एकाचंच का असेना.

सामाईक विहीर, गडग्याबाहेरून येणारी पायवाट, शेजाऱ्याच्या आगरातून जाणारी पाण्याची नळी, या गोष्टी कागदावर नसतात, पण खरेदीदाराचा जीव त्यांतच अडकतो. शेजाऱ्यांशी बोलून वहिवाट लिहून घ्या. आमच्याकडे या एका कामाला दोन महिने लागले.

घर सांभाळणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी सांगा

इथे माझं चुकलं. आमचं घर सांभाळणारे काका आणि काकू मागच्या दोन खोल्यांत राहायचे. पक्कं झालं की सांगू, असं मी मनात धरून बसले, आणि एजंटाने पत्ता विचारायला थेट काकांनाच फोन केला. काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "वहिनी, आम्ही कधी निघायचं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही असं करू नका. जाहिरात देण्याआधी बसून बोला. विकणार आहोत, अमुक महिन्यांपर्यंत तुमचा पगार आमच्याकडून, नवा मालक ठेवणार असेल तर शब्द टाकू, नसेल तर एवढी रक्कम आणि एवढा वेळ. हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. यात व्यवहारही आहे. आवारात राहणाऱ्या माणसाचा हक्क काय, हा प्रश्न खरेदीदाराचा वकील हमखास काढतो. आणि घर दाखवताना तुम्ही पुण्यात आणि काका दारात असाल, तर विहीर मे महिन्यात किती खाली जाते हे तेच सांगणार आहेत. त्यांना खोटं बोलायला लावू नका. आमची विहीर मेअखेर दिवसाला दोन तासच पंप ओढायची, आणि ते आम्ही पहिल्या भेटीतच सांगायचो.

बुकिंगची वही

आता मूळ काम. एक साधी वही किंवा एक्सेलची शीट करा. प्रत्येक बुकिंगला एक ओळ: तारखा, खोल्या, एकूण रक्कम, हातात आलेला अॅडव्हान्स, बुकिंग कुठून आलं (फोनवर, व्हॉट्सअॅपवर की एअरबीएनबीसारख्या पोर्टलवरून), आणि त्या पाहुण्याला तारीख बदलून चालेल का. विक्री चालू असताना ही वही रोज लिहायची. साठेखताच्या, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री कराराच्या, दिवशी तीच तुमच्या कामी येते.

किती पुढचं बुकिंग घ्यायचं? आम्ही ९० दिवसांची मर्यादा ठेवली. साठेखतापासून खरेदीखतापर्यंत, खरेदीदार कर्ज काढणारा असेल तर, दोन-तीन महिने सहज जातात, त्यामुळे एवढं बुकिंग बहुतेक तुमच्याच मालकीच्या काळात पार पडतं. अपवाद मोठ्या हंगामाचा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष आणि मे महिना, यांची विचारणा फार आधी येते. ती घ्या, पण अॅडव्हान्स कमी घ्या आणि मजकूर स्पष्ट ठेवा. आम्ही पाठवायचो तो असा:

"नमस्कार. तुमचं बुकिंग नोंदवलं आहे. आमचं घर सध्या विक्रीस आहे. मालकी बदलली तरी तुमच्या तारखा नव्या मालकांकडे त्याच दरात कायम राहाव्यात असा आमचा प्रयत्न असेल. ते शक्य नसेल तर किमान ४५ दिवस आधी कळवू आणि पूर्ण अॅडव्हान्स परत करू."

बारा-पंधरा जणांना हा निरोप गेला असेल, त्यातल्या दोघांनी बुकिंग घेतलं नाही. बाकीच्यांनी घेतलं आणि त्यातल्या एकाने किंमत विचारली. जुन्या पाहुण्यांना तर आवर्जून कळवा. त्यांनी तुमचं घर पावसात पाहिलंय, वीज गेलेली असताना पाहिलंय, अंगणात झोपून पाहिलंय. त्यांच्याइतकं तयार गिऱ्हाईक एजंटकडे नसतं.

अॅडव्हान्सचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. पाहुणा येऊन राहून जाईपर्यंत ते तुमचे नाहीत, असं समजूनच वागा. छप्पर शाकारायला त्यातले पैसे काढले आणि सौदा अचानक जुळला, तर परतावा कुठून देणार?

पोर्टलचं गणित वेगळं. एअरबीएनबीवर पाहुणा दाखल झाल्यावर साधारण २४ तासांनी पैसे यजमानाच्या खात्यात निघतात, म्हणजे अॅडव्हान्स तुमच्या हातात नसतोच. आणि यजमानाने बुकिंग मोडलं तर दंड बुकिंगच्या रकमेच्या १० ते ५० टक्के असू शकतो, तारीख जवळ येईल तसा वाढत जाणारा. खातं आणि तिथले अभिप्राय नव्या मालकाच्या नावावर चढवता येत नाहीत. म्हणून पोर्टलवरच्या तारखा सगळ्यात आधी आखडत्या घ्या: आधी ९० दिवस, साठेखत झालं की फक्त ताब्याच्या तारखेपर्यंत.

महिनाभर राहून घरून काम करणारे पाहुणे या काळात घेऊ नका. दर चांगला मिळतो, मोह होतो. पण लांब मुक्कामाला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार हवा, आणि तो कागद दिसला की खरेदीदाराला घर "मोकळं" वाटत नाही.

घर दाखवायचे दिवस

महिन्यातला एक शनिवार-रविवार आम्ही पूर्ण बंद ठेवायचो. कॅलेंडर ब्लॉक, खोल्या मोकळ्या, एजंटला आधीच सांगितलेलं की बघायला येणारे त्या दोन दिवसांत आणा. एका शनिवार-रविवारचं उत्पन्न जायचं, पण सहा-सात कुटुंबं निवांत बघून जायची. बँकेचा मूल्यांकन करणारा आणि इंजिनियर हे लोक आठवड्याच्या मधल्या वारी येतात, त्यांची अडचण नसते.

पाहुणे असताना दाखवायची वेळ आलीच, तर रविवारी अकरा ते एक. जुने गेलेले, नवे यायचे असतात. ज्या खोलीत कोणाचं सामान आहे ती उघडायची नाही, एजंटाने विनंती केली तरी नाही, खरेदीदाराने आग्रह केला तरी नाही. पाहुणे अंगणात असतील तर त्यांना आदल्या रात्री निरोप: "उद्या अकराच्या सुमारास दोन माणसं बाहेरून घर बघायला येतील, अर्ध्या तासात जातील, चालेल ना?" आणि "नको" म्हणाले तर नको. त्यांनी शांततेचे पैसे दिलेत.

फाटकावर "विकणे आहे" ही पाटी लावू नका. जाहिरातीत होमस्टेचं नावही टाकू नका. लोक मुक्कामासाठी नाव शोधतात, विक्रीची जाहिरात दिसते आणि बुकिंग दुसरीकडे जातं. गाव, क्षेत्रफळ, खोल्या आणि बिनशेती की नाही, एवढं पुरतं. गंभीर माणूस फोन करतोच.

हंगामाचंही एक सांगते. किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट पाहुणे कमी, लोणावळ्यात उलट तेव्हाच गर्दी. किनाऱ्यावरचं घर पावसाळ्यात दाखवायला लोक घाबरतात. आम्ही मुद्दाम दाखवलं. जुलैच्या पावसात जे छत गळलं नाही त्याबद्दल नंतर कोणी घासाघीस केली नाही. पितृपक्षात इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) कोणी देत नाही, तो पंधरवडा कागदांना वापरा. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया यांच्या आधीचे आठवडे फोन वाढतात.

उत्पन्नाचे आकडे कसे दाखवायचे

"सीझनला हाउसफुल्ल असतं" या वाक्याला किंमत नाही. गेल्या तीन वर्षांचे महिनावार आकडे काढा: किती रात्री खोल्या भरल्या, जमा किती, खर्च किती. त्याला बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्राचा आधार हवा. रोखीत घेतलेलं उत्पन्न जे कागदावर नाही, ते विक्रीच्या वेळी मोजताही येत नाही. पाहुण्यांचं रजिस्टर मात्र खरेदीदाराच्या हातात देऊ नका. त्यात नावं, फोन आणि आधारच्या प्रती असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी पाहुण्याने ती माहिती तुमच्या विश्वासावर दिली होती.

साठेखतात काय लिहायचं

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी खरेदीदाराकडे जाईपर्यंत घराचं उत्पन्न विकणाऱ्याचं. त्याचबरोबर करारानंतर ताबा देईपर्यंत घर समंजस मालकाप्रमाणे सांभाळायची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे साठेखत झालं म्हणून पाहुणे थांबवायची गरज नाही, पण पाहुण्याने बेसिन फोडलं तर दुरुस्ती तुमची. घराचा विमा खरेदीखताच्या दिवसापर्यंत चालू ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातली नारळी-पोफळी एका दुपारीत आडवी झाली होती. सौदा मध्यावर असताना असं झालं तर काय, हे साठेखतात एका ओळीत का होईना, लिहा.

बुकिंगची वही साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडा, पाहुण्यांची नावं वगळून, फक्त तारखा आणि रकमा. मजकूर असा असू शकतो: "परिशिष्ट ब मधील बुकिंग खरेदीदारास मान्य आहेत. खरेदीखताच्या तारखेपूर्वीच्या मुक्कामांचे उत्पन्न विकणाऱ्याचे व त्यानंतरच्या मुक्कामांचे खरेदीदाराचे राहील. पुढील मुक्कामांपोटी विकणाऱ्याने घेतलेला अॅडव्हान्स खरेदीखताच्या दिवशी खरेदीदाराच्या बँक खात्यात जमा करण्यात येईल. परिशिष्टाबाहेरील नवे बुकिंग खरेदीदाराच्या लेखी संमतीशिवाय घेतले जाणार नाही."

समजा, खरेदीखत ३१ जानेवारीला आणि मे महिन्याची सहा बुकिंग पुढे जाणार आहेत. एकूण १,८०,००० रुपये, अॅडव्हान्स ५४,०००. खरेदीखताच्या दिवशी हे ५४,००० तुम्ही नव्या मालकाला द्यायचे, उरलेले १,२६,००० ते पाहुण्यांकडून घेतील. हे पैसे घराच्या किमतीतून वजा करू नका, स्वतंत्र बँक ट्रान्सफर करा. किमतीत मिसळले की मुद्रांक, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) आणि भांडवली नफा सगळ्याच आकड्यांचा गोंधळ होतो. पलंग, फ्रिज, भांडी, इन्व्हर्टर यांची यादीही वेगळी करा. आमच्याकडे पडवीतल्या झोपाळ्यावरून अर्धा तास बोलणं झालं, कारण तो यादीत नव्हता.

आणि खरेदीदार पाहुणे घेणारच नसेल तर? मग ताब्याची तारीख शेवटच्या बुकिंगनंतरची मागा, किंवा पाहुण्यांना परतावा देऊन जवळच्या दुसऱ्या घरी त्यांची सोय लावायची तयारी ठेवा. गावातल्या दोन होमस्टेवाल्यांशी आधीच बोलून ठेवलं तर हे जमतं.

ताबा साठेखतात देऊ नका. ताबा दिला की खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क तेव्हाच लागतं, आणि पैसे अडले तर माणसाला बाहेर काढणं फार कठीण जातं. "राहून बघतो दोन दिवस" म्हणाले तर बाकीच्या पाहुण्यांसारखं बुकिंग करून, पावती देऊन ठेवा.

इसार रोखीत घेऊ नका. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

कराचं थोडक्यात

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. विकणारा अनिवासी असेल, म्हणजे घर दापोलीत आणि मालक न्यू जर्सीत किंवा दुबईत, तर रकमेची मर्यादा नाही आणि कपात बरीच जास्त. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच मिळवा, त्याला वेळ लागतो.

दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घरावरचा नफा दीर्घ मुदतीचा, दर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. पण होमस्टे व्यवसाय म्हणून दाखवून तुम्ही इमारतीवर दरवर्षी घसारा (झीज म्हणून मिळणारी वजावट) घेतला असेल, तर त्या इमारतीचा नफा कितीही वर्षं झाली तरी अल्प मुदतीचा धरला जातो, आणि दुसरं घर घेऊन मिळणारी सवलतही अडचणीत येऊ शकते. जुनी विवरणपत्रं घेऊन सीएकडे जा, आणि किंमत ठरवण्याआधी जा.

ताबा देताना

खरेदीखताच्या आधीचे तीन दिवस घर रिकामं ठेवा. शेवटचे पाहुणे दुय्यम निबंधकांच्या तारखेला खोलीत असता कामा नयेत. मीटरचं रीडिंग, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, किल्ल्या, कॅमेऱ्यांचे आणि वायफायचे पासवर्ड असं सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. पर्यटन विभागाची निवास-न्याहारी नोंदणी, अन्न सुरक्षा नोंदणी आणि जीएसटी तुमच्या नावावर आहेत. नव्या मालकाने स्वतःच्या घ्यायच्या, आणि तुम्ही तुमच्या बंद करायच्या. नाहीतर घरात काही झालं तर विचारणा तुमच्याकडे येईल. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. सातबाऱ्यावर नवं नाव चढेपर्यंत लक्ष ठेवा.

गूगल मॅपवरची नोंद नव्या मालकाकडे देता येते, ती द्या. बुकिंगचा फोन नंबर मात्र वर्षभर चालू ठेवा. आमच्या नंबरवर अजूनही अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं कधी निघतात हे विचारायला फोन येतात. मी सांगते, आणि मग काकांचा नंबर देते. ते नव्या मालकांकडे राहिलेत.